सोडून द्या, पण कुणी?

उन्हाळा सरता सरता रावेर, यावल, मुक्ताईनगरच्या पट्ट्यात वादळ उठतं आणि अर्ध्या तासात वर्षभराची केळी आडवी होते. केळीचं खोड म्हणजे पानांच्या देठांची घट्ट गुंडाळी. त्यात लाकूड नसतंच. वर भरलेला घड असला की वाऱ्याच्या एका झोताला ते कमरेतून मोडतं. काही वर्षांपूर्वी माझ्या मामांची कापणीला आलेली बाग अशीच झोपली. दुसऱ्या दिवशी भेटायला आलेल्यांपैकी एका शिकल्यासवरल्या पाहुण्यानं त्यांना ताओ सांगितला. पाण्यासारखे व्हा, तो म्हणाला. जे गेलं ते सोडून द्या, प्रवाहाला विरोध करू नका, चिंता आपोआप विरून जाईल. पाहुणा गेल्यावर मामांनी मला विचारलं, “सोडू म्हंजे काय करू, भाऊ?”

मला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा सुचलेलं उत्तर आहे आणि त्या पाहुण्याच्या उपदेशाचा प्रतिवादही. तो उपदेश आता त्या एका माणसाचा राहिलेला नाही. जळगाव-धुळ्याच्या व्याख्यानांत, ताणमुक्तीच्या शिबिरांत, सकाळी मोबाइलवर येणाऱ्या संदेशांत तोच ऐकू येतो. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या चिनी ऋषींचं नाव, पाण्याची उपमा आणि शेवटी एकच सांगणं: सोडून द्या. माझं म्हणणं असं की हा ताओ अर्धाच आहे, आणि तो अर्धाही चुकीच्या माणसाला सांगितला जातो आहे.

आधी त्यातलं खरं मान्य करतो, कारण ते खरोखर मोलाचं आहे. लाओत्सेच्या नावावर असलेल्या ‘ताओ ते चिंग’ या ८१ प्रकरणांच्या छोट्या ग्रंथात आणि त्यानंतरच्या च्वांगत्सूच्या गोष्टींत एक सूत्र सतत येतं: माणूस स्वतःच्या हट्टानं स्वतःला दमवतो. चिंतेच्या बाबतीत तर हे अगदी तंतोतंत आहे. १९८७ मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजत राहिली. पुढे अस्वलाचा विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा आधी दाबून ठेवणाऱ्यांच्या मनात ते अस्वल जास्तच वेळा आलं. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना हे कळायला प्रयोगशाळा लागली नव्हती. अक्षरओळख नसलेल्या या शेतकरी बाईनं मनाला उभ्या पिकात शिरणाऱ्या गुराच्या रूपात पाहिलं. कितीही हुसकावलं तरी ते फिरून तिथंच येतं. १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉ. क्लेअर वीक्स यांनी घाबरट मनाशी झुंजणाऱ्यांना तरंगायला सांगितलं. आज ‘स्वीकार आणि बांधिलकी’ या नावानं ओळखली जाणारी स्टीव्हन हेज यांची उपचारपद्धतीही विचाराशी कुस्ती खेळू नका, असंच शिकवते. चिंतेशी भांडून चिंता हटत नाही, इथवर मी त्या पाहुण्याच्या बाजूचा आहे.

माझा आक्षेप यापुढच्या पावलाला आहे. चिंतेशी भांडू नका, म्हणून कामही सोडा. चिंता सोडा, म्हणून चिंतेचं कारणही सोडा. मन शांत ठेवा, म्हणून डॉक्टरही नको. या तीन उड्या ताओनं मारलेल्या नाहीत. त्या आपण मारल्या आणि नाव लाओत्सेचं घातलं.

पहिली उडी ‘वू वेई’ या शब्दावरून मारली जाते. शब्दशः अर्थ ‘न करणं’, म्हणून हात बांधून बसणं, असा सोपा हिशेब. पण च्वांगत्सूनं त्याचा नमुना म्हणून कोण उभा केला? ध्यानाला बसलेला साधू त्यानं निवडला नाही. त्यानं राजाच्या स्वयंपाकघरात बैल कापणारा दिंग नावाचा आचारी उभा केला. सामान्य आचारी महिन्याला सुरी बदलतो, चांगला आचारी वर्षाला. याची सुरी एकोणीस वर्षं तीच, आणि धार नव्यासारखी. कारण तो हाडावर घाव घालत नाही, सांध्यातली मोकळी जागा शोधतो. या गोष्टीचा एक भाग मात्र आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. गुंतागुंतीचा सांधा आला की दिंग सावध होतो. त्याची नजर स्थिर होते, हात मंदावतो, सुरी तो अगदी हलकी चालवतो. म्हणजे अवघड जागी भय वाटावं, थांबावं, नीट बघावं, हा वू वेईचाच भाग आहे. लाओत्सेनंही जुन्या ज्ञानी माणसांचं वर्णन हिवाळ्यातली नदी ओलांडणाऱ्या माणसासारखं सावध असं केलं आहे. चौसष्टाव्या प्रकरणात तर तो गोंधळ माजण्याआधीच घडी बसवून घ्या, असं बजावतो. ज्याला वेळेआधी पाऊल उचलायचं आहे त्याला पुढचं दिसावं लागतं, आणि पुढचं दिसलं की काळजी वाटतेच. ती काळजी आजार नव्हे.

पाण्याची उपमा घ्यायची असेल तर खानदेशानं ती शब्दांत न ठेवता जमिनीवर उतरवली आहे. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठानं फड पद्धतीची बागायत शेकडो वर्षं चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटातून चाऱ्या, आणि जास्तीचं पाणी परत नदीत सोडायला सांडवा. पंप नाही, इंजिन नाही. पाणी उतारानं आपोआप येतं. प्रवाहाबरोबर जाणं म्हणतात ते याहून वेगळं काय असणार? पण त्या आपोआपपणामागे किती हात आहेत ते बघा. दर वर्षी पाटातला गाळ काढावा लागतो. पाळीनं पाणी देणारा पाटकरी लागतो, रात्री राखण करणारा जागल्या लागतो, भांडण मिटवणारे पंच लागतात. लाभक्षेत्राचे फड पाडलेले, एका फडात एकच पीक, आणि शेतकऱ्यांच्या जमिनी वेगवेगळ्या फडांत विखुरलेल्या. त्यामुळे पाणी कमी पडलं की एखादा फड पडीक ठेवला जातो आणि तुटीचा वाटा सगळ्यांच्या अंगावर येतो. एकट्याचं घर बुडत नाही. पांझरेचं पाणी उताराच्या विरुद्ध कुणी ढकललं नाही, आणि कुणी नुसतं वाहूही दिलं नाही. वू वेई म्हणतात ते हेच.

हाच विचार धुळ्याच्या तुरुंगात मराठीत बोलला गेला. १९३२ मध्ये २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी विनोबा भाव्यांनी तिथल्या कैद्यांसमोर गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिलं आणि त्याच तुरुंगात असलेल्या साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. चौथ्या-पाचव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी कर्म, विकर्म आणि अकर्म यांची सांगड घातली. हातानं काम, त्याला मनाची साथ, आणि दोन्ही एक झाली की कामाचं ओझं उरत नाही. ती अवस्था म्हणजे अकर्म. काम सुटल्यावर येणारा रिकामपणा त्यांना अभिप्रेत नव्हता. ऐकणारे सत्याग्रही होते. सरकारचा कायदा मोडून, घरदार मागे ठेवून ते आत आले होते. त्यांच्यासमोर अकर्माचा अर्थ ‘जे चाललंय ते चालू द्या’ असा कुणी केला असता तर पहिला विरोध त्या बराकीतूनच झाला असता.

दुसरी उडी मला सर्वांत जास्त खुपते. सोडून द्या, हे कुणी कुणाला सांगायचं? ‘ताओ ते चिंग’ वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा ध्यानात येते की त्यातलं पुष्कळसं बोलणं राज्य चालवणाऱ्याला उद्देशून आहे. ढवळाढवळ करू नकोस, हाव धरू नकोस, युद्धाची खुमखुमी सोड, हे राजाला सांगितलं आहे. पंचाहत्तराव्या प्रकरणात तो विचारतो की लोक उपाशी का राहतात, आणि उत्तर देतो की वरचे लोक करापोटी फार धान्य खातात म्हणून. सत्त्याहत्तराव्यात तो निसर्गाचा आणि माणसाचा रिवाज शेजारी ठेवतो. निसर्ग जिथं जास्त आहे तिथून काढून कमी असेल तिथं घालतो. माणूस ज्याच्याकडे कमी आहे त्याच्याकडूनच काढून घेतो. हे लिहिणाऱ्याचा ग्रंथ हातात धरून, जो आधीच लुटला गेला आहे त्याला ‘धरून ठेवू नका’ म्हणणं हा त्या ग्रंथाचा अपमान आहे. लाओत्सेनं सोडायला सांगितलं ते ज्याच्या मुठीत काही आहे त्याला.

मामांच्या मुठीत त्या दिवशी काय होतं? फळपीक विम्याच्या नियमानं वादळी वाऱ्याच्या नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. पाहुणा बोलत होता तेव्हा त्यातले तास निघून चालले होते. तलाठी आणि कृषी सहायकाकडून पंचनामा व्हायचा होता. सोसायटीचं पीककर्ज डोक्यावर होतं. ठिबकच्या नळ्या पडलेल्या झाडांखाली दबल्या होत्या. यांतली एकही गोष्ट मनाची कल्पना नव्हती. अशा वेळी चिंता ही हिशेबवहीसारखी असते. ती मिटून ठेवल्यानं देणं मिटत नाही. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं कापसाची बोंडं आतून पोखरली, तेव्हा धुळे-जळगावच्या कोरडवाहू शेतकऱ्याला झोप लागली नसेल तर त्याच्या मनात काय बिघाड आहे हे शोधण्याआधी त्याच्या बोंडात काय आहे हे बघायला हवं होतं. भाव, विमा, बियाणं, कर्ज, पाणी या प्रश्नांना ‘तुमची विचार करण्याची पद्धत’ असं नाव दिलं की ज्यांनी उत्तर द्यायचं ते सगळे सुटतात आणि ज्याचं नुकसान झालं तोच आरोपी ठरतो. मनःशांतीच्या नावाखाली चाललेली ही अदलाबदल मला मान्य नाही.

तिसरी उडी जिवावर बेतणारी आहे. ताओ, ध्यान, श्वास आहे तर गोळ्या कशाला, असं म्हणणारे भेटतात. काळजी आणि चिंताविकार यांत फरक आहे. कारण सरलं तरी महिनोन्‌महिने छाती धडधडते, झोप उडते, हात कापतात, जेवण जात नाही, पैसे मोजतानाही लक्ष लागत नाही. तेव्हा तो आजार असतो आणि त्याला उपचार आहेत. लाओत्सेचं एकाहत्तरावं प्रकरण छोटंसं आहे. त्याचा गाभा असा की जो आजाराला आजार म्हणून ओळखतो तोच आजारातून सुटतो. त्याचं नाव घेऊन आजार नाकारणारे त्याचंच म्हणणं उलटं करतात.

यावर चीनमध्येच झालेलं काम आहे आणि माझ्या मते वाद तिथं मिटायला हवा. छांगशा शहरातले मनोविकारतज्ज्ञ झांग यालिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताओच्या शिकवणीवर आधारलेली एक उपचारपद्धती बांधली. २००२ मध्ये ‘ट्रान्सकल्चरल सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात त्यांनी चिंताविकाराच्या १४३ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णांचे तीन गट केले. एकाला बेन्झोडायझेपीन गटातल्या गोळ्या, एकाला ताओवर आधारित उपचार, एकाला दोन्ही. महिनाभरानं गोळ्या घेणाऱ्यांना आराम होता, पण सहा महिन्यांनी तो टिकलेला नव्हता. ताओच्या गटात पहिल्या महिन्यात फारसा फरक दिसला नाही, तो सहा महिन्यांनी दिसला. दोन्ही मिळालेल्या गटाला आधीही आराम पडला आणि पुढेही. ज्यांच्या घरचा ताओ आहे त्यांनी तो दवाखान्यात आणला, मोजला, औषधाच्या शेजारी बसवला आणि कुठं कमी पडतो हेही छापलं. आपल्याकडे मात्र तो डॉक्टरांच्या दारातून माणूस परत फिरवायला वापरला जातो.

त्या पद्धतीच्या पायऱ्याही बघण्यासारख्या आहेत. पाच पायऱ्यांतली पहिली म्हणजे रुग्णाच्या आयुष्यातले ताण प्रत्यक्षात कोणते आहेत ते शोधून मांडणं. त्यानंतर त्याच्या धारणा, मग त्याच्या मनातले संघर्ष आणि तो ताणाला कसं तोंड देतो याची तपासणी. ताओची शिकवण येते ती चौथ्या पायरीवर, आणि पाचवीत फरक पडला का ते पाहिलं जातं. आमच्या पाहुण्यानं तीन पायऱ्या गाळून थेट चौथीवर उडी मारली होती. मामांचं कर्ज किती, हेही त्यानं विचारलं नव्हतं.

इथं एक नाव घेताना माझा हात थबकतो. विनोबांचं अकर्म ज्यांच्या हातानं कागदावर उतरलं, ज्यांनी अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ अभ्यास केला आणि मग तिथल्याच शाळेत मुलांना आईच्या मायेनं शिकवलं, त्या साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्यांच्या मनात काय होतं याचा निवाडा करायचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही. पण एवढं नक्की म्हणता येतं की त्यांच्याजवळ शिकवण कमी नव्हती, श्रद्धा कमी नव्हती, कामाची तळमळ तर ओसंडून वाहत होती. तरीही दुःख त्यांच्यावर भारी पडलं. म्हणून मन खचलेल्या माणसाला ‘तुझं चिंतन कमी पडतंय’ असं म्हणायची हिंमत खानदेशातल्या माणसानं तरी करू नये.

आता दुसऱ्या बाजूनं येणारे आक्षेप. कुणी म्हणेल, गीता, तुकाराम, बहिणाबाई असताना चीनचं कशाला? पण विनोबांच्याच सर्वधर्म प्रार्थनेत, जी महाराष्ट्रातल्या असंख्य शाळांत म्हटली गेली, रहीमच्या शेजारी ताओचं नाव आहे. ते नाव म्हणत आपल्यातले कित्येक लहानाचे मोठे झाले. ज्ञानाला जिल्हाबंदी घालणं हे आपल्या परंपरेत बसत नाही.

दुसरा कुणी म्हणेल, औषधं आणि योजना असताना तत्त्वज्ञान हवंच कशाला? त्याचं उत्तर छांगशाच्या अभ्यासात आहे: सहा महिन्यांनंतर. गोळी रात्रीची झोप परत देते. उद्या पुन्हा आभाळ भरून आल्यावर त्याच्याकडे कसं बघायचं हे ती शिकवत नाही. खानदेशात आभाळ दर वर्षी भरून येतं. पंचनामा झाला, विम्याचा अर्ज गेला, कर्जाची पुनर्रचना मागितली, डॉक्टरांना भेटून झालं. हे सगळं करूनही रात्री दोन वाजता मन उभ्या पिकात शिरतंच. तिथं, फक्त तिथं, सोडून देण्याची विद्या कामाला येते. आज करण्यासारखं जे होतं ते झालं आहे, आता याच्यामागे काठी घेऊन धावायचं नाही. ते येईल, चरेल, जाईल. ताओची जागा रांगेत शेवटची आहे, आणि त्या जागेवर त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मला सापडलेलं नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. व्यासपीठावरून ताओ सांगणाऱ्यांनी तो पूर्ण सांगावा. पाण्याबरोबर पाटाचा गाळ काढणंही सांगावं, राजाला दिलेला उपदेश राजालाच द्यावा. २०१५ मध्ये राज्यानं शेतकऱ्यांच्या मानसिक आधारासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला तो विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत. जळगाव-धुळ्याचं नाव त्यात नव्हतं, जणू तापीकाठी कुणाची झोप उडत नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू आहे. जळगाव आणि धुळे, दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. पाण्याच्या उपमेबरोबर हा क्रमांक आणि हे पत्ते सांगितले तरच व्याख्यान पूर्ण झालं असं मी मानीन.

मामांचं पुढं काय झालं ते सांगायला हवं. विम्याची सूचना त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दिली, मुदतीत. पंचनामा झाला, थोडी भरपाई मिळाली. पण चार महिन्यांनंतरही त्यांना झोप येईना, आणि वारा नसतानाही ते रात्री उठून बागेकडे बघत बसायचे, तेव्हा मामी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. औषधं सुरू झाली, बोलणं सुरू झालं, काही महिन्यांनी घरात पुन्हा त्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. पुढच्या वर्षी त्यांनी मृगबाग लावली. वाऱ्याच्या बाजूला गजराजचं गवत लावून कुंपण केलं आणि घड लागलेल्या झाडांना बांबूचे टेकू दिले. मी त्यांना म्हणालो, एवढं करूनही वादळ आलं तर? ते म्हणाले, “तं येईल. माह्या हातचं म्या केलं.”

मला देता न आलेलं उत्तर त्यांनीच दिलं होतं.